आड गोड झाला ते वर्ष

पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवावं, हे मला कधी खपलं नाही. आमच्या गल्लीत कुणाची तुरीची डाळ शिजेना झाली की ती बाई कळशी घेऊन माझ्या दारात यायची. पाणी जिभेवर ठेवलं की मी सांगायची, हे बोअरचं, हे टँकरचं, हे नळाचं पण चार दिवसांचं शिळं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कळायचा, मला घोटावरून पाणी कळायचं. तेवढाच काय तो माझा तोरा होता अन् तो मी चांगला मिरवायची.

गाव आमचं बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, गल्लीतल्या बाया मला रस्त्यात उभं करून विचारतील. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत कुणी कुणाशी धड बोलत नाही, जो तो नळीच्या तोंडाशी वाकलेला. टाकी, दोन ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. नवं पाणी आलं की जुनं शिळं झालं. ते नालीत ओतायचं, भांडी चिंचेनं लख्ख घासायची अन् ताजं भरायचं. वर चार पदरी फडकं, आत तुरटीचा खडा फिरवलेला. माझ्या तांब्याच्या हंड्यात सुई पडली तर ती तळाला दिसायची, खोटं सांगत नाही.

त्या वर्षी दिवाळी उरकली अन् लेक बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. लग्नाला सहा वर्षं झालेली, त्यात दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. जावई पुण्याला कंपनीत, चांगला माणूस, जाताना माझ्या पाया पडला अन् म्हणाला, "मामी, आता तुमच्यावर सोडून चाललोय." मी मोठ्या थाटात म्हणाले, "तुम्ही निर्धास्त जा. माझ्या घरी तिला काही कमी पडायचं न्हाई."

पोरीनं घरात आल्या-आल्या तांब्या तोंडाला लावला अन् तोंड वाकडं केलं. "आई, हे पाणी हाय का फरशी पुसायचं औषध?"

वास होताच. खालच्या गल्लीत चार-पाच जणांना कावीळ झाली होती, म्हणून नळाच्या पाण्यात औषध वाढवलं होतं. भोंगा लावलेली रिक्षा दिवसातून दोनदा फिरायची, पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या. बाकीच्यांनी नाक दाबून प्यायलं असतं, पण गर्भारशीचं नाक ते. तिला माझ्या डोक्यावरच्या तेलाचा वास सहन होईना, तिथं ह्या औषधाचं काय घेऊन बसलात! घोट घेतला की उलटी. दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी तिच्या पोटात जायचं अन् ओठ सुकून पापडी धरायची.

मग मी पाण्याची चौकशी करायला निघाले अन् तिथूनच माझं डोकं गरगरायला लागलं. तपासणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकळून गार करून द्या. चार दिवस उकळलं. लेक म्हणाली, "फिकं लागतंय, भांड्याचा वास येतोय." आमचे हे म्हणाले, जार लावून टाक. जारवाल्याला विचारलं, बाबा, पाणी कुठलं हाय? म्हणाला, फिल्टरचं. म्हटलं, फिल्टरमध्ये कुठलं येतंय? म्हणाला, फिल्टरचंच. आता अशा माणसाच्या भरवशावर मी माझी पोर ठेवू का? समोरची म्हणाली, आमच्या बोअरचं ने, तर त्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरायचा, पोटात काय धरत असेल कोण जाणे. मोबाइलवर सकाळी एक यायचं की तांब्याच्या भांड्यातलं पाणी सगळ्यात भारी अन् दुपारी यायचं की तांब्याच्या भांड्यानं विष होतं. मला काही सुधरेना.

गल्लीत घरोघर फिरणारी आरोग्याची बाई होती, वही-पेन घेऊन यायची. माझ्या लेकीपेक्षा वयानं थोडी मोठी. तिला मी सरळ विचारलं, "हे वासाचं पाणी पोरीला द्यावं का न्हाई?"

"काकू, वास येतोय ते चांगलं हाय. औषध हाय म्हणून वास हाय. उघडं ठेवा थोडा वेळ, कमी होतो. ज्याला वास न्हाई त्याचीच भीती धरा."

ह्या बोलण्याला काय म्हणावं? आयुष्यभर आपण काय शिकलो, ज्याला वास येतो ते टाकायचं. दूध असो, भाजी असो, पाणी असो. अन् ही पोरगी मला सांगते, वास येतो ते प्या, येत नाही त्याला भ्या! मी तिला चहा दिला, हो-हो म्हटलं अन् मनात म्हटलं, ह्यांना कागदावर लिहिलेलं बोलायला लावतात बिचाऱ्यांना. नळाचं ते पाणी मी धुण्या-भांड्याला काढून टाकलं.

गल्लीच्या टोकाला धनगराची एक म्हातारी राहते. तिला सगळे मावशी म्हणतात. दहा-बारा शेळ्या, एक खोली अन् खोलीपुढं जुना आड. त्या आडाचं पाणी मचूळ, म्हणजे इतकं की चूळ भरायलासुद्धा नको वाटायचं. शेळ्यांना अन् शेणसड्याला, बाकी कशाला नाही. एक दिवस मावशी माझ्या ओट्यावर टेकली अन् म्हणाली, "बाय, आमचा आड गोड झालाय."

"काय सांगतीस?"

"देवाशप्पथ. दसऱ्यापसून. माझ्या सासूच्या काळापसून कधी झाला न्हाई, आता कावून झाला कुणाला ठाव."

मी कळशी घेऊन तशीच तिच्यामागं गेले. पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळीनं प्याले. गोड! म्हणजे साखरेसारखं नव्हे, पण असं मऊ की घशाखाली उतरलेलं कळू नये. वास म्हणाल तर काहीच नाही. घरी आणलं, फडक्यानं गाळलं, आधी डाळ टाकून बघितली. दोन शिट्ट्यांत डाळीचं मेण झालं. आमच्याकडं पाण्याची ह्याहून मोठी परीक्षा नाही. ज्या पाण्यात डाळ शिजते ते पोटाला सोसतं, हे माझ्या आईनं मला अन् तिच्या आईनं तिला सांगितलेलं. लेकीला पेला भरून दिला. तिनं एका दमात रिकामा केला अन् पुन्हा पुढं केला. मला रडू आलं, खरंच सांगते.

दुसऱ्या दिवशीपासून नेम सुरू झाला. पहाटे उठायचं, आंघोळ करून आडावर जायचं, दोन कळश्या आणायच्या. गर्दी नव्हतीच. अर्धी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. मागं उरलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांपैकी तिघी-चौघी यायच्या, आडाला हळदकुंकू वाहायच्या, नारळ फोडायच्या. उकळायचा प्रश्नच नव्हता. जिवंत झऱ्याचं, रोजचं ताजं पाणी उकळून कोण मारून टाकतं? दहा दिवस ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यापेक्षा ते बरं नव्हतं का? मला आजही वाटतं, माझं कुठं चुकलं ते त्या वेळी मला कुणी सिद्ध करून दाखवलं नसतं.

फक्त एकदा मावशी म्हणाली, "शेळ्या तोंड लावत न्हाईत गं ह्याला. मी त्यांना हापशावर नेते आता."

मी हसले. म्हटलं, "मावशे, जन्मभर खारं पिऊन त्यांच्या जिभेला तीच सवय लागली. त्यांना गोडाची काय किंमत?"

मावशीलाही ते पटलं. आम्ही दोघी हसलो अन् मी कळश्या उचलून घरी आले.

पाच-सहा आठवडे कसे गेले कळलं नाही. लेकीच्या तोंडावर तुकतुकी आली. ती फोनवर नवऱ्याला सांगायची, "आई रोज माझ्यासाठी आडावरून पाणी आणती, असलं पाणी पुण्यात विकत मिळायचं न्हाई." मी आतून ऐकायची अन् मला भरून यायचं. ओटीभरण झालं, चाळीस बायका जेवल्या, बस स्टँडजवळचा उसाचा रस एक दिवस तिनं हट्टानं मागवला, भेळ झाली, सगळे डोहाळे पुरवले. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर मला ह्यातलं एकेक उकरावं लागलं.

मग एका शुक्रवारी आरोग्याची बाई दोन छोट्या बाटल्या घेऊन आली. आत तळाला काहीतरी औषध होतं. "काकू, एकीत नळाचं भरा, एकीत दुसरं कुठलं पीत असाल तर ते. झाकण घट्ट लावा अन् घरात उबदार जागी ठेवा. काळं पडलं तर ते पाणी पिऊ नका."

म्हटलं, आता बघच तू. नळाच्या बाटलीच्या झाकणाला हळदीचं बोट लावलं, आडाच्या बाटलीला कुंकवाचं अन् दोन्ही फ्रीजच्या मागं ठेवल्या, तिथं ऊब असते. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर कुंकवाची बाटली काळी. काळी म्हणजे कशी, शाई ओतावी तशी. हळदीची होती तशीच.

माझा विश्वास बसेना. उलटं झालं असणार. बाटल्या भरताना मी बोलत होते. आधी हळद लावली की आधी कुंकू? हळदीच्याच बोटानं कुंकू उचललं होतं, म्हणून कुंकवाच्या झाकणावरही पिवळं दिसत होतं. मग हे झाकण हळदीचं तर नाही? ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून दोन्ही झाकणं फिरवून-फिरवून बघितली अन् म्हणाले, "काळी आडाची हाय."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही होता का भरताना?"

"न्हाई. पण तूच सांगितलं ना कुंकू आडाला म्हणून."

"सांगितलं, पण लावताना घोटाळा झाला असंल."

"मग मला विचारतीस कशाला?" असं म्हणून ते पेपर वाचायला बसले.

आरोग्याच्या बाईला फोन केला, घोटाळा झालाय, नव्या बाटल्या दे. ती म्हणाली, "संपल्यात काकू, सोमवारी आणते. तोवर जे असंल ते उकळूनच प्या." आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? बाटली खरी असेल तर आड वाईट. बाटल्या बदलल्या असतील तर नळ वाईट. एक पाणी वासाचं, उलटी करवणारं, खालच्या गल्लीत ज्यानं कावीळ झाली म्हणतात ते. दुसरं ज्यानं माझ्या पोरीच्या तोंडावर तेज आलं ते. पहिलं चांगलं अन् दुसरं वाईट, हे मी कुठल्या तोंडानं स्वतःला सांगू?

मी काय केलं ते सांगते, हसू नका. मी दोन्ही अर्धं-अर्धं केलं. अर्धा पेला नळाचं, अर्धा आडाचं. म्हटलं, जे वाईट असेल ते अर्धंच जाईल. संध्याकाळी उकळून दिलं. रात्री ती उकळलेलं नको म्हणाली, तर तसंच दिलं. चाळीस वर्षं पाणी भरलेल्या बाईची ही अक्कल!

रविवारी सकाळी तिला ओट्यावर उन्हात बसवून मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, "आई, दोन दिवस झाले, जेवण नकोसं वाटतंय अन् अंगात कणकण हाय." मी तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. डोळ्यांतलं पांढरं पिवळं दिसलं. आधी वाटलं, ऊन आहे म्हणून. सावलीत नेऊन बघितलं. मग खिडकीपाशी नेऊन बघितलं. मग ह्यांना हाक मारली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना.

शेजारच्यांची गाडी काढली अन् अंबाजोगाईला नेलं. वाटेत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उठवलं तर उठेना. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं अन् विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" पोटच्या पोरीनं असं विचारलं तर आईनं काय करावं? मी नुसती तिचा हात धरून उभी राहिले.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण बोलायला मऊ. रक्त काढलं, नळ्या लावल्या अन् मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, ही पाण्यातून येणारी कावीळ दिसते. इतरांना येऊन जाते, कधी कळतही नाही. पोटुशी बाईला मात्र जिवावर बेतते. दोघांसाठी प्रयत्न करतो, पण शब्द देत नाही. पाणी कुठलं पीत होती ती?"

मी म्हणाले, "नळाचं."

तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. आमचे हे माझ्याकडं बघत राहिले. मग उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

ती गुंगीतच होती. तिसऱ्या दिवशी बाळ झालं, मुलगी. वेळेआधीची, दोन ओंजळींत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. इकडं आई शुद्धीवर नाही, तिकडं लेकरू पेटीत अन् मी मधल्या बाकड्यावर बसून बोटांवर आठवडे मोजतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे दुखणं पोटात गेल्यापासून बाहेर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. म्हणजे ते अर्धं-अर्धं नव्हे, त्याच्या बरंच आधीचं. मग आल्या दिवशी तिनं तांब्या तोंडाला लावला होता, तो घोट? ओटीभरणाच्या पंगतीतलं पाणी? उसाच्या रसातला बर्फ? पुण्याहून येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबले होते, ते? का माझा आड? मी डॉक्टरीणबाईंना विचारलंही, नेमकं कशातून? त्या म्हणाल्या, "नेमकं एका माणसाचं सांगता येत नाही, मावशी."

मला त्या वाक्यानं केवढं बरं वाटलं! लाज वाटावी इतकं बरं वाटलं. नेमकं सांगता येत नाही ना? झालं तर मग.

चौथ्या दिवशी ह्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. हळूच म्हणाले, "अगं, तू नळाचं म्हणालीस. तिकडं आडावर त्या म्हाताऱ्या अजून पाणी भरायल्यात."

एवढंच बोलले. त्यांनीच फोन लावून माझ्या हातात दिला. आरोग्याच्या बाईला मी सगळं सांगितलं. बाटली बदलली नव्हती, हेही सांगितलं. सांगताना मला पहिल्यांदा कळलं की बाटली बदलली नव्हती हे मला शनिवारपासूनच माहीत होतं.

पुढचं तिनं केलं. आडावर पत्रा टाकला, माणसं आणून खोदून घेतलं. आडाजवळून दसऱ्याच्या आधी नवी नाली काढली होती. तेव्हा खोदताना नळाचा जुना पाइप खाली फुटला होता अन् कुणाच्या ध्यानात आला नव्हता. नळाला पाणी सुटलं की ते तिथून झिरपायचं, नालीच्या घाणीतून वाट काढत आडात उतरायचं. म्हणून आड गोड झाला. आम्ही वास येतो म्हणून नाक मुरडून ज्या पाण्यानं धुणं धूत होतो, तेच पाणी नालीतून फिरून आलेलं मी पहाटे आंघोळ करून भरत होते. वास कसा गेला म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "औषध घाणीला मारण्यात संपलं, काकू. मग वास कुठला राहतोय?" म्हणजे तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच.

अन् तरी सांगते, सगळं कळूनही मला सगळं कळलं असं नाही. मावशी तेच पाणी प्यायली, तिला काही झालं नाही. मी प्याले, हे प्याले, त्या तिघी-चौघी प्याल्या, कुणाला शिंकसुद्धा आली नाही. मावशी डोळे पुसत म्हणाली, "माझ्याच आडानं केलं का गं बाय?" मी तिला म्हणाले, "न्हाई मावशे, तुझ्या आडानं न्हाई." मग कुणी केलं, हे तिनं विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही. लोकांनी पाइप जोडून घेतला. आड पुढं चार महिन्यांत पुन्हा मचूळ झाला.

इकडं दवाखान्यात पाचव्या दिवशी लेकीनं डोळे उघडले अन् मला नीट ओळखून विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हणाले, "मुलगी." ती हसली. त्या हसण्यासाठी मी कुणाच्याही पाया पडले असते.

तीन आठवड्यांनी दोघींना घरी आणलं. लेक वाळून गेली होती. तिला दूध नव्हतं, म्हणून लेकराला वरचं दूध, पावडरचं, ते पाण्यात कालवायचं. आता मी पाणी रटरटा उकळायची, घड्याळ लावून उकळायची. आरोग्याच्या बाईनं दिलेली, पाण्यात टाकायच्या औषधाची बाटली कपाटात नव्हे, हंड्याशेजारी ठेवली होती. दारावरून कुणी गेलं तरी मी झाकण बघायची.

विहीणबाई केजहून नात बघायला आल्या. लेकरू मांडीवर घेतलं, डोळे भरून आले. माझी लेक उशाला टेकून त्यांना म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद होती म्हणून मी वाचले. ही ताकद कुठली सांगू? आई रोज पहाटे आडावर जाऊन ताजं पाणी आणून मला पाजायची. त्या पाण्यानं वाचिवलं मला."

विहीणबाईंनी लेकरासकट हात जोडले. "तुमी हाताशी हुता म्हणून हिचा जीव राहिला, बाई. तुमचे तर लई उपकार हायती आमच्यावर."

मी काय केलं? मी "असं कसं, असं कसं" म्हणत चहा टाकायला आत गेले. साखर दोनदा टाकली. खरं न सांगता आत आले, हे माझं दुसरं खोटं होतं.

विहीणबाई दुपारच्या गाडीनं गेल्या. हे त्यांना सोडायला स्टँडवर गेले. घरात आम्ही तिघीच. लेक म्हणाली, "आई, उद्यापसून आडाचं पाणी आणशील का? हे उकळलेलं फार फिकं लागतंय गं."

मी खाली फरशीवर बसले. तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. पाइप, नाली, काळी बाटली, अर्धं-अर्धं, डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं खोटं. शेवटी म्हणाले, "नेमकं सांगता येत न्हाई म्हणतात. भेळ असंल, रस असंल. पण बहुतेक तेच." ते 'बहुतेक' मी म्हणाले अन् मला स्वतःचाच राग आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "तेच होतं बाय. मीच पाजलं तुला."

ती लेकराच्या अंगावरचं पांघरूण नीट करत राहिली. मग म्हणाली, "असू दे, आई. तुला काय ठाव होतं." अन् कूस बदलून झोपली.

मला वाटलं, सुटले. संध्याकाळी मी तिला भाकरी कुस्करून दिली, ती जेवली. ह्यांना मी स्वयंपाकघरात सांगितलं, बोलले एकदाचं. ते म्हणाले, बरं केलंस. रात्री मला कित्येक दिवसांनी झोप लागली.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात खुडबुड. लेक उभी होती. अंगात ताकद नाही, एका हातानं ओट्याला धरलेलं अन् गॅसवर पाणी उकळत होतं. मी रात्री उकळून झाकून ठेवलेलं पातेलं मोरीत उपडं घातलेलं. मी म्हणाले, "अगं, ते चांगलं होतं, मी वीस मिनिटं उकळलं होतं." ती म्हणाली, "हो का? मला वाटलं शिळं हाय."

तेवढ्यात आत लेकरू रडायला लागलं. मी नेहमीसारखी बाटली उचलली, पावडरचा डबा उघडला अन् पाण्याच्या भांड्याला हात घातला.

"थांब आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रागही दिसला नाही. दवाखान्यात मला अहो-जाहो केलं होतं ना, तसाच, परक्या माणसाशी बोलावं तसा मऊ आवाज. "पाण्याला तू हात लावू नकोस. मी करते."

मी बाटली तिच्या हातात दिली.